निळा भुंगेरा

सरड्याने झडप घालून निळा भुंगेरा तोंडात धरला आणि लगेच थुंकून टाकला. कॅमेरा रोखून बसलेल्या हेमांगीने तो हलकेच तळहातावर घेतला. त्याचा पंख तुटला होता आणि आत केसासारखी बारीक तार चमकत होती.

शेजारी बसलेले नाडगौडा सर जराही दचकले नाहीत. रानातले किडे कसे पाहायचे, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच सोडलेत. खरे केव्हाच संपले गं. ते कळलं असतं, तर हे रान खाणीच्या घशात गेलं असतं."

हेमांगीने काढलेले या दुर्मिळ भुंगेऱ्याचे फोटो पाहूनच न्यायालयाने खाणीला स्थगिती दिली होती. उद्या तिथेच तिची साक्ष होती.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला खरं वाटलं, म्हणून लोकांना खरं वाटलं."

सरांच्या तोंडाकडे तिला बघवेना. कॅमेरा पिशवीत भरून ती उठली.

"उद्या येशील ना?" सरांनी विचारलं.

"येईन. पण काय बोलेन, ते तुम्हीही तिथेच ऐका."