बुवांची बोली

"एक बार," टेकचंद म्हणाला, आणि लाकडी हातोडी तशीच हातात धरून उभा राहिला.

'दो बार' काही येईना. उल्हासनगरच्या जुन्या लष्करी बराकीत टेकचंदचं दुकान होतं आणि दुकानात दुपारपासून लिलाव चालला होता. गोऱ्या साहेबांनी मागे टाकलेल्या वेताच्या खुर्च्या गेल्या. चिनी मातीच्या बरण्या गेल्या. किल्लीची आगगाडीसुद्धा गेली. वर पत्रा तापला होता, माणसं जांभया देत होती. उरलं होतं एक पुरुषभर उंचीचं घड्याळ.

घड्याळाचे मालक मागच्या बाकावर बसले होते. बदलापूरचे श्रीपादबुवा. उभा जन्म कीर्तनात गेलेला. वांगणीच्या एका जमीनदाराने सप्ताह संपल्यावर हे घड्याळ बैलगाडीत घालून त्यांच्या घरी पोचतं केलं होतं. एकादशीला बुवांच्या पडवीत कीर्तन व्हायचं तेव्हा ते पाठीशी उभं असायचं. निरूपण रंगात आलं की टोले पडायचे. बुवा चिपळ्या थांबवून हात वर करायचे. टोले संपेपर्यंत श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. मग म्हणायचे, "घेतलं त्याने आपलं मोजून. उरल्यात तरी नाव घ्या रे!" आणि गजर असा उसळायचा, की पडवीची कौलं डोलताहेत असं वाटावं. टेकचंद यायचा त्या कीर्तनांना. दाराशी, चपलांपाशी बसायचा. सगळे हसून झाले की मग हसायचा.

आता बुवांचा गळा बसला होता, कायमचा. पत्नी गेली, बदलापूरचं घर सोडलं. मुलगा गुरुदत्त अंबरनाथच्या कारखान्यात रात्रपाळीला. दोन खोल्यांत तो दिवसा झोपायचा आणि टोल्यांनी दचकून उठायचा. सून सुनेत्रा वाईट नव्हती. "मामंजी, नुसते टोले बंद करून ठेवूया ना," ती म्हणाली होती. बुवांना ते जमेना. बोलणाऱ्याला मुकं करून कोपऱ्यात उभं करायचं, ते कसं असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यापेक्षा कुणाच्या तरी घरी बोलत राहू दे, म्हणून इथे आणलं.

पण बोली लागली होती ती गॉगल लावलेल्या एका मुंबईकराची. त्याने घड्याळाच्या पोटावर बोटं वाजवून पाहिली. "लाकूड सागवानी आहे. आतलं यंत्र काढून भंगारात टाकायचं. फळ्या मारल्या की बाटल्या झकास राहतील."

"बाटल्या?" कुणीतरी मागून विचारलं. "दारूबंदी आहे, साहेब!"

"सरबताच्या हो, सरबताच्या."

बराक हसली. बुवा हसले नाहीत. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि पंचा तसाच तोंडावर धरला.

"बोला, और कोणी?" टेकचंद पुन्हा म्हणाला. त्याचाही आवाज बसत आला होता.

तेवढ्यात घड्याळाने टोले द्यायला सुरुवात केली. बुवांचा हात सवयीने वर गेला. बराक गप्प झाली. टोले संपले. हात वरच होता, पण पुढचं वाक्य काही सुचलं नाही. असं किती वेळ बघत बसायचं?

"टेकचंदशेठ," ते कसंबसं म्हणाले, "वाढवा आता."

टेकचंद एकदम ताठ झाला. "वाढवा! बुवाजी बोलले वाढवा! पाच रुपये वर! एक बार दो बार तीन बार!" तिन्ही बार त्याने एका दमात म्हटले. हातोडी आपटली.

हिरामण हमालाने कपाळाला हात लावला. "अवो शेट, काय केलंत हे! बुवा आटपा म्हनतात! आमच्यात वाढवा म्हंजे बंद करा!"

"आपण सिंधी माणूस, बाबा. वाढवा बोलला, वाढवला. हातोडी पडला, खलास."

"मालकच बोली लावतो काय!" गॉगलवाला ओरडला. "यांना आधी मराठी शिकवा कुणीतरी!"

हशा पिकला. टेकचंदही हसला, सगळे हसून झाल्यावर. गॉगलवाला पाय आपटत निघून गेला. त्याच्यामागे बराक रिकामी झाली.

बुवा बाकांना धरत धरत पुढे आले. "शेठ, घोटाळा झाला हो. मला तसं म्हणायचं नव्हतं. माझ्यापाशी पैसे नाहीत, आणि घरी जागा नाही."

"बेचनेवाले तुम्ही, लेनेवाले तुम्ही. कोण कोणाला देणार, साईं?" टेकचंद खांद्यावरच्या कापडाने घड्याळाची काच पुसत होता. "उभा आहे तिथेच उभा राहील. पण चाबी द्यायला तुम्ही येणार. चाबी मला नाही जमत."

"आणि टोले?"

"टोले पाहिजेच ना. तिकडे सिंधमध्ये, शिकारपूरला आमच्या घरी पण होता असा. चालू ठेवून आलो."

बुवांनी घड्याळाच्या लाकडावर हात ठेवला. पोटातली टिकटिक तळव्याला लागली. "माझ्या एका शब्दाने बघा काय करून ठेवलं," ते पुटपुटले. टेकचंद काच पुसत राहिला.

बुवा थकलेल्या पावलांनी स्टेशनच्या वाटेला लागले. ते वळणाआड जाईपर्यंत टेकचंद दारात उभा होता. मग मागे वळून, कुठेही न अडखळता तो म्हणाला, "हिरामण, ऊन उतरलं. दुकान वाढव आता."