तळ्याकडचं फाटक

“आधी पिंपं भरून घ्या,” ब्रशमावशी म्हणाल्या. “बादल्या, पातेली, हाती लागेल ते. भिंती काही पळून जात नाहीत.”

पहिलाच दिवस, सकाळचे नऊ, आणि नळाला धो धो पाणी. सगळे हसले. दुपारी दोनला नळ एकदा खोकला आणि गप्प झाला. तेव्हापासून मावशींच्या शब्दाबाहेर कोणी जाईना.

बत्तीस वर्षं ओस पडलेलं ते मुलांचं वसतिगृह चर्चने उन्हाळी शिबिरासाठी घेतलं होतं. पंधरा दिवसांनी चाळीस मुलं येणार होती. राबणारे सगळे आपापली सुट्टी घालवून आलेले. पाळकसाहेबांनी दार रंगवायला घेतलं की दारापेक्षा सदऱ्यालाच जास्त रंग लागायचा. साठी ओलांडलेल्या, केस पांढरे झालेल्या मावशींच्या हातून ब्रश सुटत नसे, म्हणून त्या ब्रशमावशी. आणि वायरी ओढणारा तो वायरमनकाका. आधी काय करत होतास, असं त्याला कोणी विचारलं नाही. बरंच झालं.

बत्तीस वर्षांपूर्वी तो इथला वॉर्डन होता. पंचविशीतला, नोकरीला जेमतेम तीन महिने झालेले. इमारतीमागे तळं, तळ्याच्या वाटेवर फाटक, फाटकाला कुलूप. किल्ली एकच, आणि ती त्याच्या खिशात. एका दुपारी नऊ वर्षांचा एक मुलगा त्या फाटकातून गेला. संध्याकाळी त्याला पाण्यातून बाहेर काढलं, तेव्हा कुलूप कडीला उघडं लटकत होतं.

आपण ते लावलं होतं, असं त्याला आठवत होतं. पण किल्लीच एक म्हटल्यावर आठवणीला कोण विचारतो? हळूहळू त्यालाही ती खोटी वाटू लागली.

दफनाच्या वेळी मुलाची आई डोक्यावरून शाल ओढून बसली होती. त्याला तिच्याकडे मान वर करून बघता आलं नाही. माफी मागायची राहिली, ती राहिलीच. वसतिगृह दुरुस्त होतंय असं ऐकलं, तेव्हा तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. निदान दिवे तरी लावू.

मावशी रोज सकाळी फाटकाच्या खांबाशी मूठभर रानफुलं ठेवायच्या. तळं पन्नास पावलांवर, पण ब्रश धुवायलासुद्धा त्या तिकडे जात नसत. दुपारी पाणी लागलं की लांबच्या हातपंपावर.

“कंबर मोडेल, मावशी,” तो एकदा म्हणाला.

“मोडू दे. जुनीच आहे.”

स्वयंपाकघरात वायर टाकायला तो गेला, तेव्हा ती खोली त्याने पहिल्यांदाच आतून पाहिली. त्या काळी जेवण भिंतीतल्या खिडकीतून मिळायचं. आतून हात यायचा, ताट ठेवायचा, परत जायचा. हातामागचं माणूस कधी दिसलं नाही.

मावशी भिंतीवरची काजळी खरवडत होत्या. मध्येच म्हणाल्या, “तो पातेल्याची खरवड मागून घ्यायचा. करपलेली असली तरी चालायची त्याला.”

त्याचा हात वायरीवरच थांबला. “कोण?”

“कोण म्हणजे? तोच.”

असं आईशिवाय कोण बोलणार? त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

पाळकसाहेबांनी फाटकासाठी नवं कुलूप आणलं. दोन किल्ल्यांचं.

“एकच ठेवा,” मावशी म्हणाल्या. “दुसरी आजच मोडून टाका.”

“आणि हरवली म्हणजे?”

“कुलूप फोडा.” एवढंच बोलून त्या निघून गेल्या. त्या गेल्यावर पाळकसाहेबांनी दुसरी किल्ली पकडीने वाकवून टाकली.

शेवटच्या दुपारी सगळे बाहेर फलक लावत होते. तो जेवणघरातून त्या खिडकीशी गेला. आत मावशी फळ्या पुसत होत्या.

“मावशी, एक सांगायचंय. मग हाकलून दिलंत तरी चालेल.”

“बोला. माझे हात चालू आहेत.”

“इथला वॉर्डन मी होतो.”

फडकं थांबलं. “माहीत आहे. पहिल्या दिवशीच ओळखलं. माणसाची चाल बदलत नाही.”

त्याने खिशातून गंजलेली किल्ली काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. “त्या दिवशी कुलूप माझ्याकडून राहिलं. मी लग्न केलं नाही, मावशी. दुसऱ्याचं पोर सांभाळता आलं नाही, स्वतःचं काय सांभाळणार होतो? आईला काय सांगायचं, ते बत्तीस वर्षं जुळवतोय. तुमच्या मुलाची...”

“मला मूलबाळ नाही,” मावशी म्हणाल्या.

बाहेर कोणीतरी फलक वाकडा लागला म्हणून पाळकसाहेबांची थट्टा करत होतं.

“तेव्हाही दुपारी नळ बंद पडायचा,” आतून हळू आवाज आला. “पन्नास ताटं असायची. घासायची तर होतीच.”

खिडकीतून हात आला आणि किल्ली आत घेऊन गेला. आत कुठेतरी डबीचं झाकण निघालं. बऱ्याच वेळाने तो हात पुन्हा बाहेर आला, ताट ठेवायला यायचा तसाच, आणि उघडला.

तळहातावर दोन किल्ल्या होत्या. अगदी सारख्या.