सहकुटुंब

ग्यानोबा कांबळेंच्या पत्राला किशनरावांनी कधी उत्तर दिलं नाही. त्र्याऐंशी साली कंधारहून आलेलं साधं कार्ड होतं ते. 'भीमनगरात घर बांधलं आहे. सहकुटुंब जेवायला यावं. तारीख तुम्हीच कळवा.' नवा लातूर जिल्हा झाला, कचेऱ्यांची वाटणी झाली, तेव्हा किशनराव लातूरला आले आणि ग्यानोबांनी आपल्या गावाकडं बदली मागून घेतली. त्याआधी सात वर्षं उस्मानाबादच्या एकाच कचेरीत दोघं एकमेकांची पुस्तकं वाचत होते. उत्तर लिहायला किशनराव बसलेही होते. मायना लिहिला, मजकूर जमेना, मग राहूनच गेलं. त्यांचं बरंचसं असंच राहून जाई.

त्यामुळे मुलगा भुजंग जेव्हा म्हणाला, "अण्णा, उन्हाळ्यात सगळे युरोपला जाऊ. सगळ्यांना झेपेल असं कुठं जायचं ते तुम्ही ठरवा," तेव्हा सून सिंधू हसली.

"अण्णा ठरवणार? मग पुढच्या दुष्काळाला निघू आपण."

पण आठव्या दिवशी किशनराव वही घेऊन बैठकीत आले. वाचनालयातून आणलेली चार पुस्तकं त्यांनी उपसली होती.

"प्राग नको," ते वहीत बघतच म्हणाले. "रस्ते दगडी आहेत, हिचे गुडघे धरतील. ॲमस्टरडॅमला जिने फार उभे. रोम उन्हाळ्यात तापतं."

"ऊन बघायला लातूर कशाला सोडायचं," नात रुद्राणी म्हणाली.

"म्हणून पॅरिस तीनच दिवस. सिंधूला चित्रं बघायची आहेत. मग स्वित्झर्लंडात लुसर्न, पाच दिवस. तिथून रुद्राणीला बर्फ जवळ. भुजंगला डोंगर चढणाऱ्या आगगाड्या. आणि हिला तळ्याकाठी बाक."

भुजंगनं वही हातात घेतली. पान उलटलं, परत मागं आला.

"अण्णा, ही चारच नावं आहेत. तुमचं कुठाय?"

"पाण्याचं कोण बघणार?"

नळ कोरडे पडून दोन महिने झाले होते. टँकर दहा दिवसांनी यायचा, आणि दारात माणूस दिसला नाही तर पुढच्या घरी जायचा.

"मग मीबी न्हाई येत," किशनरावांची बायको तुळजाबाई म्हणाल्या. "ह्यांना एकट्याला ठिवून मी तळी बघत बसू?"

"आई नाही तर कोणीच नाही," भुजंग म्हणाला. "शनिवारपर्यंत सांगा. नाहीतर रद्द करून टाकतो."

रुद्राणी उठून आत गेली.

किशनरावांच्या हाती चार दिवस होते. आयुष्यात त्यांनी कोणाचं मन वळवलं नव्हतं, स्वतःचंसुद्धा. शुक्रवारी संध्याकाळी ते ओट्यावर बायकोशेजारी येऊन बसले.

"अगं, जा की तू."

"अन् खायचं काय तिथं? कोणाच्या हातचं, कोण कुठला, काय म्हाईत."

"धपाटे ने. चटणी ने. चार दिवस जातील."

"फुडं?"

"पुढं तिथलंच. सगळे सगळ्यांच्या हातचं खातात तिथं."

तुळजाबाईंनी पदरानं वारा घेतला. त्यांची नजर रस्त्यावरच्या रिकाम्या पिंपांवर गेली.

"परमुलखात चालतंय म्हणा," त्या म्हणाल्या. "तिथं कोण बघाय येतंय."

किशनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्या तळ्याचं पाणी गोडं हाय का वो?"

"गोड आहे."

"लई हाय?"

"पलीकडचा काठ धूसर दिसतो म्हणे."

"अन् तुम्ही हितं घागरी भरून राहणार."

"मला त्याचं काही नाही. पुस्तकं आहेत."

"तुमचं काय वो. पाव्हणा आला तरी पुस्तकामागं लपता." मग त्यांचा आवाज खाली आला. "जाते मी. पर म्हातारपणी म्हणू नका, मला नेलं न्हाई."

"आता कधी व्हायचं म्हातारपण?" किशनराव म्हणाले, आणि तुळजाबाई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

निघायच्या दिवशी पहाटे जीप दारात लागली. हैदराबादेहून विमान होतं. सिंधूनं स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. जाताना ती वाकली, आणि उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"आमच्यासाठी तुम्ही अडकून पडलात, अण्णा."

"छे छे," किशनराव म्हणाले. त्यांना तिच्याकडं बघवेना.

"आबा, एकटे काय करणार?" रुद्राणीनं खिडकीतून विचारलं.

"वाचणार."

जीप वळली. किशनराव आत गेले. देवळीतलं दाढीचं सामान, दोन धोतरं, एक पुस्तक त्यांनी पिशवीत भरून ठेवलं. मग टेबलाशी बसून लिहिलं. या वेळी एकही ओळ खोडली नाही.

नऊ वाजता ते शेजारच्या शिवलिंगअप्पांच्या दारात उभे होते, हातात घराची किल्ली.

"अप्पा, रविवारपासून चार दिवस मी नाही. टँकर आला तर आमची टाकी भरून घ्याल?"

"भरतो की. त्यात काय एवढं." अप्पांनी किल्ली घेतली. "वहिनीला म्हाईत हाय?"

"नाही."

मोठ्या पोस्टासमोरच्या लाल पेटीत त्यांनी कार्ड टाकलं. त्यावर इतकंच होतं: 'प्रिय ग्यानोबा, तुमचं पत्र मिळालं. उत्तराला तेहतीस वर्षं उशीर झाला. पत्ता जुनाच टाकतो आहे. कुटुंब परदेशी गेलं आहे, म्हणून येता येतं. रविवारच्या एसटीनं निघतो. चारही दिवस तुमच्याच घरी जेवेन.'