अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

क्लोरीनचा उग्र वास. निळी रबरी टोपी. फळ्यावर खडूने लिहिलेला एक इंग्रजी शब्द. कुरकुरणारे गुडघे आणि डॉक्टरांनी दिलेला पोहण्याचा सल्ला. तो शब्द नीट कळावा म्हणून वर्गासमोर बोलावून गोल गोल फिरवलेली एक मुलगी.

टोपीतल्या म्हाताऱ्याने तलावाच्या पायरीपासूनच डोळे गच्च मिटून घेतले होते. पाण्यावर उताणा, नुसता हाडांचा सापळा. पाठीखाली पोहणं शिकवणाऱ्या बाईचा तळहात, तेवढाच काय तो आधार. त्याने तिला ओळखलं नव्हतं. तिने त्याला आवाजावरूनच ओळखलं होतं.

"ताई, सोडू नका हं. खोल आहे ना इथे?"

"अंग सैल सोडा, काका."

पलीकडे तीन जाडजूड बायका गादीवर पडल्यासारख्या तरंगत होत्या.

"काका, थोडी चरबी उसनी देऊ का?" एकीने विचारलं. बाकीच्या खिदळल्या.

"नको! जन्मभर अंग सुटू दिलं नाही मी," तो डोळे न उघडताच म्हणाला. "वर्गातल्या पोरांनाही तेच सांगत आलो."

"सर," ती म्हणाली. "टबी. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा."

त्याने डोळे उघडले. तिचा चेहरा अगदी वर होता, पाणी तिच्या गळ्याशी.

"टबी म्हणजे... गुबगुबीत. बोलण्यातला शब्द आहे. लाडाने म्हणतात."

तळहात जरासा खाली सरकला. त्याच्या कानांत पाणी शिरलं.

"चिडवायला! चिडवायला म्हणतात!"

"कोणाला?"

त्याने तिचा चेहरा निरखला. "तू... तुला मी पुढे बोलावलं होतं. नाव... नाव काय गं तुझं?"

त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत, हजेरी सोडली तर, तिला दुसरं नाव उरलं नव्हतं.

"वाक्य, सर."

बायका इकडे बघू लागल्या. हातांनी तो तिचा खांदा शोधत होता. खांदा काही हाती लागत नव्हता.

"टबी... टबी मला सोडणार नाही."

"वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली, आणि हात काढून घेतला.

सुरुवातीपासून ती तळाशी गुडघे टेकून होती; उभं राहिलं तर पाणी तिथे कमरेइतकंच होतं.