इंजिनाखालची रबरं

एकोणीसशे सत्तावन्न साल. मुलुंडचे विद्याधर वकील महिन्यात तिसऱ्यांदा दत्ताराम मिस्त्रीकडे गाडी घेऊन आले. इंजिनाखालची झिजलेली रबरं त्याने पहिल्याच खेपेला बदलली होती, दुसऱ्या खेपेला नट आवळले होते. तरी तक्रार तीच. "स्टिअरिंग अजून थरथरतंय रे."

दत्तारामने इंजिन चालू ठेवून पाण्याने भरलेला पेला बॉनेटवर ठेवला. पाणी हललं, पण सांडलं नाही.

"बघा साहेब, गाडी ठणठणीत आहे."

वकिलांनी तोच पेला उचलला. ओठांशी नेईपर्यंत निम्मं पाणी कोटावर सांडलं.

दत्तारामने इंजिन बंद केलं. "साहेब, हात... घरात कुणी बोललं नाही?"

"घरात कोण आहे?" वकिलांनी पेला खाली ठेवला. "तू रबरं बदल."