मीटरवरचं धुकं

"मीटरवर धुकं आलंय," थोरला म्हणाला. "चावी ठेव आणि वर जा. वहिनीनं चहा टाकलाय."

धाकट्यानं आपल्या गाडीच्या डॅशबोर्डकडे पाहिलं, मग भावाकडे. खिशातून चावी काढून त्यानं बाकावर ठेवली. "कर तू, दादा," एवढंच म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

भांडणानंतर तो पहिल्यांदाच दुकानात आला होता, आणि तोही निरोप घ्यायला. दूरच्या शहरात त्याला नोकरी लागली होती. उद्या बायकामुलांना घेऊन निघणार होता. थोरल्याला 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं, पण सकाळपासून ते त्याच्या ओठांवर यायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. बोलणं त्याला कधी जमलंच नाही. काम मात्र जमायचं. म्हणून त्यानं गाडी मागून घेतली.

काच म्हणायची सवय, नाहीतर असतं ते प्लॅस्टिकच. मीटरच्या काट्यांवरचं ते पारदर्शक झाकण उन्हानं, धुळीनं आणि लोकांच्या कोरड्या फडक्यांनी पांढुरकं होतं. ते पुन्हा लख्ख करण्यात थोरल्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. खरं म्हणजे एक होता, आणि तो आत्ता वर चहा पीत होता.

वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. थोरल्यानं त्याला वाढवलं आणि या कामातलं जे जे येत होतं ते सगळं शिकवलं. जोर लावायचा नाही, हलक्या हातानं गोल फिरवायचं, फडकं ओलं ठेवायचं. बघता बघता धाकटा त्याच्याही पुढे गेला. थोरल्याला त्याचा केवढा अभिमान, पण तोंडानं सांगितलं तर डोक्यावर बसेल, म्हणून कधी सांगितलं नाही.

आणि मग धाकट्याच्या कामात धुकं राहायला लागलं.

पहिल्यांदा थोरल्यानं कानाडोळा केला. नंतर पुन्हा करायला लावलं. शेवटी एका बाईंची गाडी द्यायच्या वेळी त्याचा तोल गेला. काच दुधाळ दिसत होती आणि धाकटा खुशाल हात पुसत उभा होता.

"अहो, छान झालीये की," बाई म्हणाल्या. काही गिऱ्हाइकं फार भिडस्त असतात. थोरला त्यांच्यादेखतच कडाडला, "हात गेलाय तुझा! दुकानाचं नाव घालवशील. असलंच काम करायचं असेल तर दुसरीकडे जाऊन कर."

धाकट्यानं काचेकडे पाहिलं, मग बराच वेळ दादाच्या तोंडाकडे. काहीतरी बोलणार होता तो. मग "माझंच चुकलं," म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून थोरला एकटाच होता. कामं कमी झाली होती. दुपारचा चहा खाली आला की समोरचं रिकामं स्टूल खायला उठायचं. चूक धाकट्याची होती हे खरं, पण परक्या माणसासमोर बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटायचं.

त्यानं डॅशबोर्डच्या कडांना टेप चिकटवली, काच ओल्या फडक्यानं पुसली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. गुळगुळीत लागली. पण बारीक ओरखडे बोटाला कळत नाहीत. थोडी पेस्ट घेऊन तो घासू लागला.

पुसून पाहिलं तर धुकं जसंच्या तसं. पुन्हा घासलं, फडकं बदललं, परत पुसलं. गाडी ढकलत दारापाशी उजेडात आणली. दंड भरून आले, तरी धुकं हटायचं नाव घेईना.

तो सीटवर टेकला. हे तेच धुकं होतं, आणि आता ते त्याच्या स्वतःच्या हाताखाली होतं. आपला हात तर गेलेला नाही! मग?

त्याची नजर पेस्टच्या डब्यावर गेली. हाच माल तर तेव्हाही वापरात होता. हल्ली सगळंच बोगस. नवा बल्ब लावावा तर उजेड मंद, पेपर उघडावा तर शाई फिकी. मग पेस्ट तेवढी कुठून चांगली यायला? म्हणजे धाकटा या असल्या पेस्टनं मान मोडून काम करत होता, आणि आपण त्याला चारचौघांत घालून पाडून बोललो. वर त्यानंच चूक पदरात घेतली. थोरल्यानं डबा दूर सारला. इतकी स्वतःची लाज त्याला कधीच वाटली नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. धाकटा खाली आला, तसा थोरला उठून उभा राहिला.

"चूक तुझी नव्हती रे. ही पेस्टच भिकार आहे. बघ, माझ्यानंही धुकं जात नाहीये. मी तुला नको ते बोललो. तू वाईट वाटून घेऊ नकोस... नाही, वाईट वाटणारच. मला माफ कर. पण जाऊ नकोस."

एवढं एका दमात तो आयुष्यात बोलला नव्हता. धाकट्यानं वाकून काच पाहिली. सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"पेस्ट चांगली आहे, दादा."

"मग हे काय आहे?"

धाकट्यानं त्याच्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं.

"तू नावं ठेवशील म्हणून कालच नवी काच बसवून आणलीय मी," तो म्हणाला. "आणि त्या बाईंच्या काचेवरही धुकं नव्हतं, दादा."