मधलीची सही

“सगळं ठरलंय, मॅडम. फक्त हिची सही राहिलीय,” थोरला म्हणाला आणि त्यानं कागद बहिणीपुढे सरकवला.

मध्यस्थ बाईंनी कागदावर हात ठेवला. “यांच्याशी मी अजून बोललेच नाहीये. यांचं काय म्हणणं आहे?”

“तिचं काय म्हणणं असणार? ती आमच्या शब्दाबाहेर जायची नाही.”

“आज जाणार आहे,” मधली म्हणाली.

दोन भाऊ आणि मधली बहीण. वडिलांनी उभा केलेला सोफ्यांचा कारखाना आणि दोन दुकानं. वडील गेल्यापासून भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. निरोपसुद्धा वकिलांमार्फत जायचे. शेवटी कोर्टानंच त्यांना या खोलीत पाठवलं. इथे कशीबशी एका गोष्टीवर गाडी आली होती: दुकानं एकेक घ्यायची, कारखाना विकायचा आणि बहिणीचा वाटा तिच्या हातावर ठेवून तिला मोकळं करायचं.

“कारखाना विकायचा नाही,” मधली म्हणाली. “मी चालवणार.”

“खुळी आहेस का?” थोरला म्हणाला.

“डोकं फिरलंय हिचं,” धाकटा त्याच दमात म्हणाला.

दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा फिरवल्या. मधलीला हसू आलं. “बघा, झालं ना एकमत? माझ्यामुळे का होईना.”

“जावईबापूंना विचारलंस?”

“त्यांना सोफ्यातलं बसण्यापलीकडे काही कळत नाही, दादा. त्यांना काय विचारू?”

धाकट्यानं सूर बदलला. “ताई, आईच्या जिवाला घोर लागलाय गं. घरात शांतता नको का?”

“मी गप्प बसले की शांतता. ही कुठली शांतता रे?”

थोरला उठला. “मग कोर्टातच भेटू.”

“भेटू की. मी एकीकडे, तुम्ही दोघं दुसरीकडे. बसा वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून.”

धाकट्यानं खुर्ची जराशी लांब ओढली.

“इथे नाही म्हणायला कोणालाच बंदी नाही,” मध्यस्थ बाई म्हणाल्या. “यांना नाही, तुम्हालाही नाही. पण जायचं तर पूर्ण ऐकून जा.”

थोरला बसला. मधली त्याच्याकडे वळली. “तुला कारखाना विकायचाच नाहीये, दादा. तो याच्या हाती जाऊ नये, एवढंच तुला हवंय. आणि याला तो तुझ्या हाती जायला नकोय. तेवढ्यासाठी अप्पांनी उभं केलेलं मोडीत काढताय. शिलाईवरच्या बायकांनी, मिस्त्रींनी कुठे जायचं? दुकानं तुम्ही घ्या. त्यातलं मला काही नको. कारखाना माझा.”

“झेपेल तुला?” थोरल्याचा आवाज आता उतरला होता.

“अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हापासून कोण चालवतंय तो? तुम्ही भांडत होतात तेव्हा तुमच्या दुकानांत माल कुठून येत होता?”

थोरल्यानं धाकट्याकडे बोट दाखवलं.

“याच्याकडे आधी पोचायचा,” तो पुटपुटला.

“एकाच टेम्पोतून यायचा, दादा. याचं दुकान वाटेवर आहे.”

धाकट्याला हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यात दडवलं.

दुपार उलटेपर्यंत वकिलांना फोन झाले, हो-नाही झालं, चहा झाला. मग बाईंनी नवा मसुदा वाचून दाखवला. दुकानांचं वाचून झालं. पुढे आलं, “‘कारखाना बहिणीकडे देण्यात येत आहे.’ बरोबर?”

भावांनी माना डोलावल्या. थोरल्यानं पेन काढलं.

“नाही,” मधली म्हणाली.

“आता काय गं?” धाकटा वैतागला. “कारखाना दिला ना तुला?”

“तेच तर. मला कोणी दिलेला नाही.”

“अगं, एवढ्याशा शब्दानं काय बिघडतंय, चिमे?” थोरला म्हणाला.

“एवढासाच आहे ना? मग काढून टाका.”

मध्यस्थ बाईंनी दोघा भावांकडे पाहिलं. थोरल्यानं खांदे उडवले. बाईंनी पेन टेकवून ‘देण्यात येत’ वर रेघ ओढली आणि त्या पुढच्या शब्दाशी थांबल्या.

“तो राहू दे,” मधली म्हणाली. “‘आहे’ राहू दे.”